सर्वांत जड कठडा

रूपेश : मोठ्या बाई, खुर्ची जरा मागं घेता का? शेवटाला दिपाची मोटारसायकल हितंच आडवी पडनार हाय. तुमच्या पायावर नको.

आजी : खुर्ची मी ठेवली आहे तिथेच राहील. गाडी तू पलीकडे पाड. आणि पाडण्याची वेळ अजून आलेली नाही. आधी तो लोखंडी कठडा निवडायचा आहे.

दिपा : कठडा नाही गं आजी, क्रॅश गार्ड.

आजी : माणूस पडू नये म्हणून जे लावतात त्याला माझ्या लहानपणापासून कठडाच म्हणतात.

दिपा : हा पडण्यापासून नाही वाचवत. पडल्यावर वाचवतो. इंजिन, टाकी आणि माझा पाय.

आजी : म्हणजे गाडी पडणार, हे गाडी बनवणाऱ्यालाही ठाऊक आहे. बरे झाले, निदान कोणीतरी माझ्या बाजूने आहे.

रूपेश : बाई, तुमची अट नक्की काय हाय? फोनवर दिपा सांगत व्हती, पन माज्या डोक्यात अर्धीच गेली. हितं गॅरेजात कंप्रेसर चालू व्हता.

आजी : अट अगदी सरळ आहे. कठडे बसवून झाले की तू ही गाडी आडवी करायचीस. दिपाने ती एकटीने उभी करायची. तू हात लावायचा नाहीस, मी लावणार नाही. तिने उभी केली, तर ती एकटी त्या हिमाचलातल्या स्पितीला जाईल, आणि मी जाताना तिच्या हातावर दही घालीन. एक शब्द वावगा बोलणार नाही. नाही उभी झाली, तर ही गाडी पनवेल ते न्हावा-शेवा एवढीच धावेल. नोकरीला जायला आणि नोकरीवरून यायला.

रूपेश : आनि दिपाला कबूल हाय?

दिपा : कबूल आहे. दुसरा चॉइस कुठे दिलाय? माझी मैत्रीण सोनम तिची गाडी घेऊन येणार होती तोपर्यंत सगळं ओके होतं. तिची सुट्टी कॅन्सल झाली आणि आजीचं सरकार बदललं.

आजी : सोनम येणार होती तेव्हा तुम्ही दोघी होतात. एकीची गाडी पडली तर दुसरी उचलायला होती. घसरणे, पडणे, गुडघे फुटणे हे होतच असते, त्याचे भय मी बाळगत नाही. तू चालायला शिकलीस तेव्हा मोजून घराच्या प्रत्येक दारावर आपटली आहेस. मला भय आहे ते पडल्यानंतर चहूकडे माणूस नसण्याचे. पाण्याच्या ओढ्यात गाडी आडवी, अंधार पडत आलेला, आणि माझी नात मदतीसाठी रस्त्याकडे बघत बसली आहे. हे चित्र डोळ्यांसमोर घेऊन मी पंधरा रात्री झोपायचे का?

दिपा : म्हणून तर म्हणतेय, मी उचलीन.

आजी : म्हणून तर म्हणते, उचलून दाखव. रूपेश, माल काढ.

रूपेश : हे तीन हायत. ह्यो लहान. फक्त इंजिनच्या खालच्या अंगाला. वजनाला काय नाय, गाडीला कलायला जागा मिलते. ह्यो मधला, स्टीलचा, गंज धरत नाय. आनि ह्यो मोठा. खालचा पाइप आनि वरचा पाइप, दोनी जोडलेले, टाकीपर्यंत येतो. माल चांगला हाय, पन जड.

दिपा : लहान दे. आधीच गाडी दोनशे किलो आहे, त्यात मागे सामान. अजून वजन कशाला?

आजी : थांब. गाडी तुझी, तू निवडलीस, मी अवाक्षर काढले नाही. रंगसुद्धा तो मातकट घेतलास तरी गप्प राहिले. कठडा मात्र माझ्याकडून आहे, तो मी निवडणार. रूपेश, या तिघांत सर्वांत जड कोणता?

रूपेश : ह्योच. मोठा.

आजी : तोच बसव.

दिपा : आजी, अगं वजन म्हणजे मजबुती नाही.

आजी : तुझ्या पायांत काय आहे ते?

दिपा : सँडल.

आजी : सँडल घालून दोनशे किलोची गाडी खांदा कॉलनीतून करंजाड्यापर्यंत आणलीस? ते घोट्यापर्यंतचे बूट, ज्यांच्यासाठी दोन महिने घर डोक्यावर घेतले होतेस, ते कुठे आहेत?

दिपा : घरी. इथेच तर यायचं होतं.

आजी : जा, घालून ये. ज्या पायांनी जाणार आहेस त्याच पायांचे माप घ्यायचे. बूट न घालता कठडा बसवला आणि तिकडे गेल्यावर बुटाचे टोक त्यात अडकले, तर बदलून द्यायला रूपेश तिकडे येणार आहे का?

रूपेश : माजी स्कूटर न्या. चावी तितं खिळ्याला हाय. बाई बोलतात ते खरं हाय, बूट लागतील.

दिपा : तूही तिकडेच का?

रूपेश : मी गॅरेजच्या बाजूला.

आजी : गेली का?

रूपेश : गेली.

आजी : मग आता हात चालव. तुझे वडील बुधाजी आमच्या गिरणीत भाताचे यंत्र खोलून बसायचे, तेव्हा बोलायचे कमी आणि काम जास्त करायचे.

रूपेश : बाबा आजून तुमचंच नाव घेतो. बोलतो, द्वारकाबाई गिरणीच्या दारात उभ्या राहिल्या का यंत्राचा पट्टापन आवाज बारीक करायचा.

आजी : पट्ट्याला शिस्त होती. हे काय करतो आहेस? इंजिन खाली पडेल.

रूपेश : नाय पडनार, खाली जॅक दिलाय. गार्ड इंजिनच्या धरनीच्या बोल्टालाच बसतो. जुना बोल्ट काडायचा, लांब बोल्ट घालायचा. एका टायमाला एकच. सगले एकदम काडले तर इंजिन लटकल.

आजी : आणि हा घट्ट का नाही केलास? बोटाने फिरवून सोडून दिलास.

रूपेश : सगले आदी हातानं लावायचे. सैल. एक आवलला तर दुसरा भोकात बसत नाय, मग लोक हातोडी मारतात. चारी बसले, मग पाना.

आजी : बरोबर. चाळणी बसवताना बुधाजीही तसेच करायचे.

रूपेश : त्यानंच तर शिकवलं. बाई, एक विचारू?

आजी : विचार.

रूपेश : तुमी जड गार्ड मागितलात तो तिनं गाडी उचलू नये म्हनून ना?

आजी : तू तुझ्या भोकात बोल्ट घाल.

रूपेश : घालतोच हाय. पन मोठ्या गार्डाचं एक हाय बाई, गाडी पडली का तो...

आजी : मी विचारले का?

रूपेश : नाय.

आजी : वजन विचारले, तू सांगितलेस. तेवढे पुरे.

रूपेश : बरं. मी आपलं सांगत व्हतो.

आजी : माझ्या वयाच्या बाईने कोणाला जाऊ नको म्हटले, की लोक म्हणतात म्हातारीला काही कळत नाही, जमाना बदलला. म्हणून मी जाऊ नको असे म्हटलेलेच नाही. मी फक्त अट घातली. अट हरली तर ती स्वतःच राहील. रागावेल, चार दिवस जेवताना माझ्याकडे बघणार नाही. पण घरात असेल.

रूपेश : आनि जिकली तर?

आजी : चौथा बोल्ट राहिला आहे तुझा.

(दिपा बूट घालून परत येते. दोन्ही बाजूंचे गार्ड लागले आहेत, बोल्ट अजून सैल आहेत.)

दिपा : अरे वा. गाडी एकदम रणगाडा दिसतेय.

आजी : बस गाडीवर. पाय ठेव. गिअर टाक.

दिपा : पडतोय. पडला. दुसराही पडला.

आजी : मला आवाज ऐकू आला. बुटाचे टोक पाइपला घासले.

दिपा : जरासं. सवय होईल.

आजी : सवय माणसाला होते, लोखंडाला होत नाही. चढावर गिअर पडायला क्षणभर उशीर झाला तर काय होते, ते मी सांगायला नको. रूपेश, बोल्ट सैल आहेत ना? मग कठडा पुढे सरकव.

रूपेश : थोडी जागा हाय भोकात. सरकवला बगा. आता?

दिपा : आता नाही लागत. ओके.

आजी : हँडल दोन्हीकडे पूर्ण वळव. वळले? कुठे अडले नाही? आता आवळ. आणि आवळून झाले की प्रत्येक बोल्टावर रंगाची रेघ ओढ, हिच्या डोळ्यांना दिसेल अशी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट सैल झाला असे समजायचे. दिपा, रोज सकाळी बघशील.

दिपा : रोज सकाळी? म्हणजे मी जातेय?

आजी : न्हावा-शेव्यालाही रोज सकाळीच जातेस.

रूपेश : झालं बाई. चारी आवलले, रेगा मारल्या.

आजी : मी येताना रिक्षातून गोणपाट आणले आहेत, गिरणीतले. ते अंथर. गाडी नवी आहे, पहिल्याच दिवशी तिला फरशीवर खरचटायला नको.

दिपा : आजी, तू माझ्या गाडीसाठी गोणपाट आणलेस?

आजी : गाडीने माझे काही वाकडे केलेले नाही. आडवी कर रे.

रूपेश : उजव्या अंगावर झोपवतो. पेट्रोल कमी हाय ना? बरं. दिपा, जरा लांब व्हा. हं, हलू हलू. झोपली.

आजी : चल दिपा.

दिपा : हँडल धरते आणि खेचते. एक, दोन... थांब. परत. एक, दोन... ही तर हलतच नाही.

रूपेश : दिपा, गिअरमदे हाय का बगा, नायतर चाक सरकल.

आजी : रूपेश, तू फक्त बघायचे.

रूपेश : तोंडानंपन नाय?

आजी : तोंडाचे ठरले नव्हते. सांग, पण हात खिशात घाल.

दिपा : गिअरमध्ये आहे. आता सीट धरून बघते. आई गं. थोडी उठली होती, दिसली ना? थोडी उठली होती.

आजी : उठली आणि परत बसली. अर्धी उठलेली गाडी चालवता येत नाही.

दिपा : श्वास घेऊ दे. पाणी आहे का रे?

रूपेश : ही घ्या बाटली. कमरेला त्रास देऊ नका हां. कंबर गेली का नोकरीपन गेली.

दिपा : अजून एकदा. एक, दोन, तीन... नाही. नाही होत.

रूपेश : बाई, जरासा हात लावू? नुसता मागनं टेकू. कुनाला कलनार नाय.

आजी : मला कळेल. तिला कळेल. आणि तिकडे ओढ्यात तू नसशील.

दिपा : राहू दे रूपेश. आजीचं बरोबर आहे. अट म्हणजे अट. मी नाही जात.

आजी : दमलीस म्हणून म्हणतेस, की विचार करून?

दिपा : दोन्ही. मी रोज रात्री यूट्यूबवर रस्ते बघायचे. कुठल्या वळणाला दगड आहेत, कुठला ओढा दुपारी भरतो, सगळं पाठ आहे मला. पण ही गाडी नाही उचलता आली, तर ते पाठ असून काय उपयोग? चल. रूपेश, गाडी उभी कर. मी आजीला रिक्षा बघते.

आजी : रिक्षा मी सांगेन तेव्हा.

दिपा : आता काय राहिलं?

आजी : तू तिच्याकडे तोंड करून का उभी राहतेस?

दिपा : काय?

आजी : तीनदा बघितले मी. तिन्ही वेळा गाडीकडे तोंड, कंबर वाकलेली, आणि सगळा जोर दंडात. दंडात असे किती बळ असणार? दिवसभर संगणकावर बोटे चालवणारे हात ते. आमच्या गिरणीत काशिराम म्हणून हमाल होता. तुझ्यापेक्षा अंगाने बारीक. शंभर किलोचे पोते तो एकटा पाठीवर घ्यायचा, कोणी चढवून द्यायला नसले तरी. कसे घ्यायचा ठाऊक आहे?

दिपा : कसं?

आजी : उभ्या पोत्याकडे पाठ करायचा. खाली बसायचा, अगदी पाठ पोत्याला चिकटेपर्यंत. खांद्यावरून मागे हात नेऊन पोत्याचे दोन कान धरायचा, आणि मग नुसता उठून उभा राहायचा. हातांनी फक्त धरायचे असते. उचलायचे मांड्यांनी.

रूपेश : बाबा सांगतो, एका हंगामात हमाल बसले व्हते कामावर न येता, तवा मोठ्या बाईंनी सोता पोती उचलली.

दिपा : आजी? तू? नऊवारीत?

आजी : पदर खोचून. भात भिजत होते, हमालांची समजूत पटेपर्यंत ते थांबणार नव्हते. सगळी नाही उचलली, पण दारातली आत घेतली. काशिराम बाजूला बसून तंबाखू मळत होता आणि सांगत होता, बाई, बूड खाली, बूड आजून खाली. संपावर होता ना, हात लावणार नव्हता. सांगायला मात्र त्याची ना नव्हती.

दिपा : आणि तू मला हे आता सांगतेयस.

आजी : आता विचारलेस. ये इकडे. पाठ कर गाडीला.

दिपा : अशी?

आजी : अजून जवळ. बैठकीच्या कडेला तुझी पाठ टेकली पाहिजे. खाली बस. अजून खाली.

रूपेश : हँडल उजवीकडं पुरं वलवा, म्हंजे मूठ तुमच्या हाताशी येल. हां. डावा हात तितं. उजव्या हातानं मागची दांडी धरा. आनि थांबा, साइड स्टँड आदीच बाहेर काडा, गाडी वर आली का त्याच्यावर बसल.

दिपा : स्टँड काढला. आता?

आजी : आता हातांना विसर. समोर बघ, त्या टायरांकडे. पाय जमिनीत रोव आणि मागे रेट. उचलायचे नाही, मागे चालायचे. लहान लहान पावले.

दिपा : येतेय. आजी, येतेय ही.

आजी : बोलू नकोस. चाल.

रूपेश : आजून जरा. आली, आली. हलू, हलू आता, पल्याड नको जाऊ दे.

दिपा : बसली स्टँडवर?

रूपेश : बसली. सोडा हात.

दिपा : सोडला. उभी आहे. आजी, उभी आहे ती.

आजी : मला दिसते आहे.

रूपेश : बाई, मगाशी तुमी मला गप केलात ते आता सांगू का?

आजी : सांग. आता अडवून काय होणार?

रूपेश : लहान गार्ड असता ना, तर गाडी पार लोलली असती, आनि तिथनं उचलाय लय जड. ह्यो मोठा गार्ड टाकीपर्यंत येतो, तो गाडीला पुरी झोपू देत नाय, अर्ध्यावर धरून ठेवतो. वजन वाडलं थोडं, पन उचलायचं काम निम्म्यावर आलं. मी तेच सांगत व्हतो, तुमी नको म्हनलात.

दिपा : एक मिनिट. आजी, तू सगळ्यात जड का मागितला होतास?

आजी : तुला जे कारण आता सुचले आहे, त्याच कारणाने.

दिपा : म्हणजे मी हरावं म्हणून?

आजी : हो.

दिपा : मग मी हरले होते की. रिक्षा बघायला निघालेच होते. पाठ कर म्हणून कशाला सांगितलंस? गप्प बसली असतीस तर संपलं होतं.

आजी : गप्पच बसणार होते. पण कोणी काम चुकीच्या रीतीने करू लागले, की मला बघवत नाही. गिरणीत कधी बघवले नाही, आता या वयात कुठून बघवणार?

दिपा : आजी.

आजी : डोळे पूस. रूपेशच्या गॅरेजात धूळ फार आहे.

रूपेश : मी सकाळीच झाडलंय हां बाई.

दिपा : मग मी जाऊ ना? अट पूर्ण झाली ना?

आजी : अट पूर्ण झाली. कोण नाही म्हणते? रूपेश, डाव्या बाजूला पडली तर हेच चालेल का?

रूपेश : डावीकडं जरा अवगड हाय. स्टँड त्याच अंगाला, गाडीखाली दबतो. उचलून झाल्यावर एका हातानं तोल धरायचा, मग पायानं स्टँड काडायचा. तिकडं लोक हितंच फसतात. वर आलेली गाडी पल्याड जाते.

दिपा : ते मी घरी प्रॅक्टिस करीन. आज हात गेलेत माझे.

आजी : हात नाही लागत, आत्ताच शिकलीस ना? पाणी पी, थोडी बस, चहा घे. मग बघू.

दिपा : आजी, उशीर होईल तुला. तुझी दुपारची गोळी राहिलीय.

आजी : गोळी पिशवीत आहे, घेईन. रूपेश, ते गोणपाट उचल, पलीकडे अंथर. आणि माझी खुर्ची त्या बाजूला ठेव.